काचेमागचे जयरामभाऊ

जयरामभाऊंना ठेकेदाराच्या नातवाने फसवलं. आणि त्यांचा फोटो त्याच्या हातात देणारा मी होतो.

भाऊ कुहीकडचे. तरुणपणी याच ठेकेदाराच्या पुलांच्या कामावर ट्रक चालवला. म्हातारपणी माझ्या वाडीतल्या दुकानात येऊन बसत. मी जुन्या ट्रकांचे सुटे भाग विकतो. कोणता भाग कोणत्या गाडीचा, हे कळावं म्हणून जुने फोटो जमवतो. गिऱ्हाइकावर मी भडकलो की भाऊ म्हणत, "भाव कमी कर नं गा, आवाज काहून वाढवून राहिला?"

फोटो हातात आला की ते माणसांकडे बघतच नसत. आधी मागची चाकं.

"भरेल हाय गाडी."

"भाऊ, हौदा तं दिसूनच नाही राहिला."

"हौद्याले काय पायतं? चाकावरचे स्प्रिंगचे पाटे पाय. सरळ झाले. रिकाम्या गाडीचे कमानीवानी रायतात."

त्यांचा स्वतःचा तरुणपणीचा फोटो एकच. पुलाच्या उतारावर लांब नाकाचा ट्रक, समोर ठेकेदार, इंजिनिअर आणि आठ-दहा माणसं हसत उभी. भाऊ मात्र काचेमागे, ओठ घट्ट. मी विचारलं, सगळे बाहेर, तुम्ही आत कसे?

"हँडब्रेक कुठं होता तिले? चाकाखालचे दगड फोटोत वाईट दिसते म्हणून काढाले लावले. अन् वर गिट्टी भरेल. बसलो ब्रेक दाबून. फोटोवाला म्हणे, डायवर, हसा. म्या म्हटलं, मी हासलो तं सायब गाडीखाली."

नातवाला नव्या ऑफिसात लावायला तो फोटो हवा होता. भाऊ तयार नव्हते. "माह्याजवळ एवढाच हाय," म्हणाले. मी शब्द दिला, मूळ प्रत परत मिळेल, खाली तुमचं नाव येईल. आयुष्यभर घासाघीस केलेला मी, त्या माणसाकडून एक ओळही लिहून घेतली नाही.

उद्घाटनाला भाऊ इस्त्रीचा सदरा घालून आले. भिंतभर तोच फोटो, आता रंगीत केलेला. त्यांनी सवयीने मागची चाकं पाहिली, मग नजर वर नेली. काच लख्ख, तिच्यात निळं आभाळ. आत कोणीच नाही. खाली नाव फक्त ठेकेदाराचं.

"काका, आतला चेहरा काळपट येत होता," नातू म्हणाला. "क्लीन करून घेतलं."

मी त्याच्या अंगावर धावलो. भाऊंनी माझं मनगट धरलं. "चाल बाहेर. उतारावरची गाडी हाय, अन् ब्रेकवर कोणी नाही."

त्यानंतर मूळ फोटोसाठी मी तीनदा गेलो. "शोधतो" याच्यापुढे उत्तर नाही. भाऊ गेल्या उन्हाळ्यात गेले. तेरवीला लेकीने आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून ठेवला होता. तो ओळखू येत नव्हता. तिने मला एवढंच विचारलं, "दादा, बाबांचा तो ट्रकातला फोटो कुठं हाय?"

माझी चूक मी तिच्यासमोर कबूल केली. आता नातूसाहेब, तुम्ही या. मूळ प्रत घेऊन तिच्या दारात उभे राहा आणि तिला तोंडावर सांगा, तिच्या बापाला पुसायला कोणी सांगितलं?