देवाप्पांचे दोन वाफे

एकतीस वर्षं मी विमा कंपनीत लोकांचे अर्ज तपासले. चुका काढण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. स्वतःची तेवढी एकही सापडली नाही.

शहराबाहेर देवनहळ्ळीत आमची आजोबांपासूनची एक एकर जमीन आहे. बावीस वर्षं ती देवाप्पा अर्ध्या वाट्यानं कसतात. मी शहरातल्या चामराजपेटेतून एप्रिलमध्ये फक्त खरबुजं खायला जायचो आणि येताना चार आणून, 'आमच्या शेतातली' म्हणून गल्लीभर मिरवायचो. निवृत्त झालो आणि म्हटलं, यंदा आपण जातीनं लक्ष घालायचं. देवाप्पांचं नशीब, दुसरं काय!

आजूबाजूला सगळीकडे प्लॉट पडलेत. माझी बायको अनुसूया म्हणाली, "अहो, नावापुरती शेती कशाला? यंदा गोडी बाराच्या वर गेली तर जमीन ठेवू, नाहीतर विकून टाकू." एका नळीच्या काचेवर रसाचा थेंब टाकला की गोडीचा आकडा दिसतो. ती नळीही तिनंच मागवली. आणि मी शहाणा, ही अट देवाप्पांना सांगून आलो! ते एवढंच म्हणाले, "सरी, अण्णा." म्हणजे बरं.

देवाप्पा बोलतातच कमी, तेही कानडीत. साठी उलटली तरी पहाटे अनवाणी सगळे वाफे फिरून येतात. लागवडीआधी कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड घालतात. फळ धरलं की युरिया बंद, पोटॅश सुरू. नाहीतर पाला माजतो आणि फळ पाणचट होतं. सकाळी फवारणी करत नाहीत, कारण तेव्हा फुलांवर मधमाश्या असतात. एका वेलावर सात फळं मोजून मी हरखलो, तर त्यांनी दोन ठेवली आणि पाच खुडून टाकली. मी "अहो, अहो!" करत मागे धावलो. "स्वल्प थांबा, अण्णा," म्हणाले आणि पुढचा वेल धरला.

माझी कामगिरी एकच. पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारं, जमिनीतली ओल मोजणारं यंत्र मी हौसेनं बसवून घेतलं. काढणीला आठ दिवस उरले असताना घरबसल्या मोबाइलवर लाल अक्षरं आली: जमिनीत ओल कमी! एवढं रणरणतं ऊन आणि बिचारी खरबुजं तहानलेली! रोज दुपारी बोट दाबून मी तासभर पाणी सोडलं. वर अनुसूयेला ऐटीत सांगितलं, "बघ, शेती अशी करतात."

काढणीच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. निम्मी फळं तडकलेली होती. अनुसूयेनं एक धड फळ कापून नळीत पाहिलं. आठ. दुसरं कापलं, साडेसात.

"काढणीआधी पाणी तोडतात, अण्णा," देवाप्पा खाली बघत म्हणाले. "त्याशिवाय गोडी भरत नाही."

बावीस वर्षं माझ्याच जमिनीत हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. लाजेनं माझे कान तापले.

"मग मला फोन का नाही केलात?"

ते टोकाच्या दोन वाफ्यांकडे गेले, एक फळ आणून अनुसूयेपुढे कापलं. त्या दोन वाफ्यांचं पाणी त्यांनी हातानं चावी फिरवून बंद ठेवलं होतं. नळीत आकडा दिसला, चौदा.

"मला वाटलं, विकायचं तुमचं ठरलंय," देवाप्पा म्हणाले. "गोडी येऊ नये म्हणून मुद्दाम पाणी सोडताय. जमीन तुमची, मी काय बोलणार? शेवटचे दोन वाफे तरी गोड निघावेत, म्हणून राखले."

मला रडूच कोसळलं. आठ दिवस हा माणूस बांधावर उभा राहून ते पाणी बघत होता आणि तिकडे मी घरात फुशारक्या मारत होतो.

"देवाप्पा, मी लबाड नाही हो," मी हात जोडले. "मी मूर्ख आहे."

अनुसूयेनं माझा मोबाइल घेऊन आपल्या पर्समध्ये टाकला. "जमीन ठेवायची, देवाप्पा," ती म्हणाली. "ह्यांना मात्र फक्त खायला बोलवा."

देवाप्पा तिथेच बांधावर बसले. शेतात बसलेलं त्यांना मी प्रथमच पाहिलं. टॉवेलनं तोंड पुसू लागले, बराच वेळ पुसत राहिले आणि मग म्हणाले,

"मूर्ख चालेल, अण्णा."