बाळंतशेपा

आमचे शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले. औषधाच्या पाकिटावर ऋषी दिसला की म्हणायचे, "गुण कमी, दाढी लई." लेकीला सहावा महिना लागला तेव्हा त्यांनी तेलाच्या डब्यांत शेपू पेरला. रोज बोटानं ओल बघायचे. भाजीसाठी काडीही कुणाला खुडू दिली नाही. बाळंतिणीला द्यायचे शेपूचे दाणे, बाळंतशेपा, घरचाच हवा होता. दाणे वाळले त्याच आठवड्यात लेक दवाखान्यातून रिकाम्या हातांनी माहेरी आली. मी भेटायला गेलो, तर हे चुलीपाशी बसून बाळंतशेपा भाजत होते.

"आता कशाला वो ते?" त्यांची बायको हळूच म्हणाली.

तव्यावरची नजर त्यांनी काढली नाही. "बाळ न्हाई राहिलं. पोरगी बाळंतीण हायच की."