दगड तिकडचा, कौलं इकडची

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला मला आंतरराष्ट्रीय कायदा होता. राष्ट्राची अधिकारिता हे प्रकरण मी सुट्टीत काकीकडे, नवापूर तालुक्यात, वाचत बसले होते. तिच्या शेताचा बांध ओलांडला की गुजरात. एका सकाळी तिथल्या खदानीत सुरुंग उडाला आणि नारळाएवढा दगड कौलं फोडून आमच्या चुलीपाशी पडला. कौलाच्या तुकड्यानं काकीचा हात फाटला. चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेऊन टाके घातले.

दुसऱ्या दिवशी दगड घेऊन आम्ही आपल्याकडच्या पोलीस चौकीत गेलो. हवालदारसाहेबांनी तो उलटापालटा करून पाहिला, जणू खाली राज्याचा शिक्का असणार. म्हणाले, "सुरुंग तठे उडना ना? मग तठे जा."

तिकडच्या चौकीत खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि आम्हाला परत इकडे धाडणारं उत्तरही तयार होतं. "नुकसान तो तमारे त्यां थयूं ने? तो त्यां जाओ."

परत येऊन मी आपल्या हवालदारांना शिकवायला घेतलं. कृत्य जिथं होतं त्या राष्ट्राला अधिकार असतो, परिणाम जिथं होतो त्यालाही असतो. सीमेपलीकडून गोळी झाडली आणि माणूस इकडे मेला, तर दोघंही खटला चालवू शकतात. इथं तर देशही एकच! त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि वही उघडली.

"मरना कोन?"

तिसऱ्या दिवशी काकी टाके घातलेल्या हातानिशी दगड डोक्यावर घेऊन बांध ओलांडून निघाली. मी मागून ओरडत होते, की दुसऱ्याच्या हद्दीत परवानगीशिवाय अंमलबजावणी करता येत नाही.

"मंग तू मांगे ऱ्हाय," काकी म्हणाली.

सुरुंगाची भोकं पाडली होती, नेमकी तिथं ती जाऊन बसली. मुकादमानं विनवण्या केल्या. काम थांबलं. दुपारी मालक गाडीतून उतरला आणि उतरल्या उतरल्या त्याला अधिकारिता आठवली. "आमच्या हद्दीत कुणाला विचारून आलात?"

काकीनं दगडाकडे बोट केलं. "हाऊ इचारीसन उना व्हता का?"

मालकानं मुकादमाला हाक मारली. मग सुरुंगाची जागा टेकडीपलीकडे नेली, आणि दोन दिवसांनी त्याची माणसं पत्रे घेऊन आमच्याकडे आली. कोणत्या राज्यात काम करतोय, हे त्यांनी विचारलं नाही. काकीनं त्यांना भाकरी वाढली आणि मला पत्रा धरायला उभं केलं. बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण पत्रा फार तापला होता.