बंद वाटणी

मलकापुरात एक पोरगा आमच्या घराला लागूनच राहतो. मूळ घर एकच. भावाभावांच्या वाटणीत मधे भिंत आली, आणि पलीकडचा भाग त्यानं भाड्यानं घेतला. घरी बसून तो कुठल्याशा बँकेच्या अवाढव्य कॉम्प्युटरवर नजर ठेवतो. बोलताना मान तिरकी करून भलतंच काहीतरी ऐकत बसतो. तोवर मी दिलेला चहा निवतो आणि माझं डोकं तापतं.

"काकू, मशीन एकच, पण आतून त्याच्या वाटण्या केल्या," त्यानं एकदा सांगितलं. "हरेकीले वाटते, पूरं मशीन माह्यंच. कोण किती प्रोसेसर खाऊन राह्यलं, ते मी पाह्यतो. त्यातली एक वाटणी कवाचीच बंद केली, तरी ती थोडं थोडं खाऊनच राह्यली."

"मंग सांग ना साहेबाले!"

"सांगतलं. ते म्हणे, ती तं बंद आहे."

काल दुपारी आमच्याकडे चहा पिता पिता तो उठला आणि मागच्या खोलीच्या भिंतीवर तळवा ठेवून उभा राहिला.

"काकू, या खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही रे. ती कितीक वर्षं बंद आहे."

"हाव," तो हळूच म्हणाला. "ती वाटणीबी बंदच आहे."

तो गेल्यावर मी कपबश्या उचलल्या, पण त्यांचा आवाज होऊ दिला नाही.