‘आहे’वाल्यांचा गठ्ठा

मी शाळेची कारकून. माझ्या पाठीमागे सगळे मला ‘दुर्बीणबाई’ म्हणतात, ते ठाऊक आहे मला. म्हणोत बापडे. सरकारी शाळेत खडूचा खोका जागेवर राहतो तो माझ्यामुळे.

आमच्या घंटामावशी वीस वर्षं शाळेत घंटा देत होत्या आणि फरश्या पुसत होत्या. घंटा कधी मिनिटभर पुढेमागे झाली नाही. घरी त्या आणि सहावीतली नात, दोघीच. बोलणं गोड, आणि गोड बोलणाऱ्या माणसाचा मला मुळातच भरवसा वाटत नाही.

साथीत शाळा सहा महिने बंद राहिली. शिकवणं ऑनलाइन गेलं. ज्यांच्या घरी फोन नाही अशा मुलांसाठी चाळीस टॅब आले, आणि फॉर्म मी तयार केला. प्रश्न एकच: घरात फोन आहे का? ‘आहे’वाल्यांचा एक गठ्ठा, ‘नाही’वाल्यांचा दुसरा. टॅब फक्त दुसऱ्या गठ्ठ्याला. एका टॅबवर एकच मूल, दुसऱ्या कुणी वापरला की जप्त.

मावशींनी लिहिलं होतं, ‘नाही’. माझ्या मनात पाल चुकचुकली. आदल्याच दिवशी मी त्यांच्याशी फोनवर बोलले होते. बटणांचा का असेना, फोन तो फोनच ना? पण मुख्याध्यापक म्हणाले, “जाऊ द्या हो, आपल्याच आहेत.” दिला टॅब. मी मात्र डोळ्यांत तेल घालून हजेरी बघायला लागले.

मावशींच्या टॅबवरून सकाळी आठला सहावीचा वर्ग. ठीक. अकराला दुसरीचा. दोनला नववीचा! सहावीतली नात नववीचं विज्ञान शिकत असेल तर तिचा सत्कारच करायला हवा होता. म्हटलं, इथे पाणी मुरतंय. म्हातारीने टॅब तासावर भाड्याने लावलाय.

गुरुवारी सकाळी मी वरच्या ऑफिसला कळवून टाकलं: गैरवापर होतोय, टॅब बंद करा. तिथून एक बटण दाबलं की बंद होतो. पण त्या ऑफिसात साधं पत्र पंधरा दिवस पडून राहतं. तोवर आपणच जाऊन रंगेहाथ पकडावं, म्हणून दुपारी मी त्यांच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. एकच खोली. पाण्याच्या पिंपावर टॅब उभा केलेला, समोर इस्त्रीवाल्याची नववीतली मुलगी. भिंतीशी नात शिंप्याच्या धाकटीला बेरजा शिकवत होती. मावशी हातात घड्याळ घेऊन बसल्या होत्या.

“हळू बोला, बाई,” त्या म्हणाल्या. “तिची चाचणी चाललीय. एकदाच उघडते, मध्येच बंद पडली की संपलं. ही बुडली तर पोरीला दहावीत घेणार नाहीत.”

“मावशी, तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलंत.”

“लिहिलं.”

“आणि यांच्याकडून भाडं किती घेता?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. “इस्त्रीवाल्यानं खरं लिहिलं, शिंप्यानंही खरं लिहिलं. फोन आहे. पण तो बापाच्या खिशात. सकाळी त्याच्याबरोबर जातो, रात्री त्याच्याबरोबर येतो. पोरीला कधी मिळतो, ते तुम्ही विचारलंत का? मी वीस वर्षं तुमच्या टेबलाखालची फरशी पुसलीय, बाई. खरं लिहिणाऱ्याचा कागद कुठल्या गठ्ठ्यात जातो, ते मला कळतं. त्यांना कसं कळणार?”

लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त. मी पर्समधून फोन काढला आणि वरच्या ऑफिसचा नंबर शोधायला लागले. नंबर सापडेना. त्या ऑफिसने जन्मात कधी घाई केली नव्हती. आजही करू नये, एवढंच मनात होतं.

टॅब काळा झाला. त्यावर पांढरी अक्षरं आली. ती नववीतली मुलगी वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचायला लागली: “शाळेच्या तक्रारीवरून हे उपकरण बंद करण्यात आले आहे.”

मग ती माझ्याकडे वळली. “बाई, तुम्ही शाळेतल्याच ना? माझी तक्रार कुणी केली असेल हो? मी खरंच काही केलं नाही. सांगाल त्यांना?”

मावशी माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहिल्या.

“सांगते,” मी म्हणाले. तक्रार कुणाची, ते मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.