बसवनार कुठं?

सातिवलीत एक कारागीर आहे; अंगणात, पार्किंगमध्ये बसवायचे ब्लॉक पाडतो. लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीने टाकून दिलेली काळी रेती सिमेंटमध्ये मिसळतो, म्हणून ते स्वस्त पडतात. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून आवाज ऐकल्याशिवाय माल सोडत नाही. भाव विचारला की आधी तोच विचारतो, "बसवनार कुठं?" मला ती नसती चौकशी वाटायची. सोसायटीसाठी घेताना "पार्किंगमध्ये" म्हणून मी मोकळा झालो.

परवा त्याच्या घरी गेलो. अंगणभर काळे ब्लॉक, विहिरीभोवती मात्र साध्या रेतीचे.

"इथं वेगळे का?"

"हिचं पानी पितो आमी, साहेब. काळ्या रेतीतनं काय पाझरंल, कोन सांगनार? म्हनून तर इचारतो सगळ्यांना."

पार्किंगमधून उरलेले ब्लॉक आम्ही सोसायटीच्या पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीभोवती बसवलेत, हे मी त्याला सांगितलं नाही.