दवाखान्याच्या आधीची आंब्याची झाडं

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत शॉमबर्गला राहायला गेलो. त्याच आठवड्यात शेजारच्या बाई केळ्यांचा केक घेऊन दारात आल्या. सत्तरीच्या, उंच, ताठ. त्या नर्स होत्या आणि त्यांचे यजमान डॉक्टर. आफ्रिकेत एका आडबाजूच्या नदीकाठी दोघांनी मिशनचा दवाखाना काढला आणि उमेदीची सगळी वर्षं तिथंच घालवली. यजमान वारल्यापासून त्या इथं एकट्याच होत्या.

"जरा जपून हं," संध्याकाळी माझा नवरा म्हणाला. "मिशनरी बाई आहे. आज केक, उद्या चर्च."

संशय मलाही होताच. त्या माझ्या चार वर्षांच्या मुलीचे फार लाड करायच्या. आमच्या देवघरापुढे उभ्या राहून 'हा कोण, ही कोण' विचारायच्या. मी उत्तरं द्यायचे, पण तोलूनमापून. केक मात्र आम्ही संपवला.

मग एका दुपारी त्यांनी मला स्लाइड्स बघायला बोलावलं. दवाखान्याच्या इतिहासावर त्यांना चर्चमध्ये बोलायचं होतं, त्याची प्रॅक्टिस करायची होती. चर्चमधल्या इतक्या मैत्रिणी सोडून मीच का, असं मनात आलं. तरी मुलीला घेऊन गेले.

त्यांच्या बेसमेंटमध्ये पडदा लावलेला होता. पहिल्या चित्रात एक तंबू आणि त्यापुढे तरुण डॉक्टर. "आम्ही ट्रकनं पोचलो तेव्हा इथं काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या. "नुसतं रान." मग गवती छपराचा पहिला वॉर्ड आला. पत्र्याचं छप्पर, जनरेटर, कुष्ठरोग्यांच्या झोपड्या, नर्सिंगची शाळा, शेवटी छोट्या विमानासाठी सपाट केलेली पट्टी. रानातून एक गावच उभं राहिलं होतं. बघता बघता मी मनापासून भारावले.

पण पहिलं चित्र डोळ्यांपुढून हलेना. "तो तंबू परत दाखवता?"

त्यांनी दाखवला. तंबूच्या मागे आंब्याची झाडं होती. एका ओळीत, सारख्या अंतरावर, बुंधे चांगले दोन माणसांच्या कवेतले.

"ही कुणी लावली?" मी विचारलं.

"ती जंगलीच आहेत."

"माझ्या माहेरी आंब्याची बाग आहे. रानातली झाडं अशी ओळीत उगवत नाहीत. तुमच्या आधी तिथं कुणीतरी राहत असणार."

त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. "तुझ्या मुलीला झोप आलीय," म्हणाल्या. मुलगी टक्क जागी होती.

त्यानंतर त्या आमच्याकडे येईनाशा झाल्या. गाडी काढताना माझ्याकडे बघायच्याही नाहीत. या काहीतरी लपवताहेत, अशी माझी खात्रीच पटली. नवरा वैतागला. "तुला काय करायचंय? कशाला उगाच उकरून काढतेस, यार?"

एका सकाळी त्या मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात आल्या. मी कणीक मळत होते. कोट न काढताच त्या खुर्चीवर बसल्या.

"तिथं गाव होतं," त्या म्हणाल्या. "माझा नवरा सांगायचा, ते लोक आपणहून नदीपलीकडे गेले. मी कधी विचारलं नाही. आंब्याच्या दिवसांत बायका यायच्या, फळं न्यायच्या. आम्हाला वाटायचं, चोरतात. आम्ही कुंपण घातलं."

मी परातीतला हात तसाच ठेवून ऐकत राहिले.

"एक बाई बाळंतपणाला आली होती. खाटेवरून खाली बोट दाखवून सारखी सांगायची, इथं माझी चूल होती, इथं माझी चूल होती. मला वाटलं, तापात बरळतेय." त्यांनी कोटाची बटणं सोडली. "आता मला प्रत्येक स्लाइडचा संशय येतो. नवऱ्याच्या प्रत्येक शब्दाचा येतो. तुझ्यामुळे."

मी चहा टाकला. त्यांनी तो सगळा प्यायला.

चर्चमधल्या कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो. ऐन वेळी त्या जुनंच सांगतील, असं मला वाटत होतं. नवऱ्याला वाटत होतं, आम्हाला चर्चमध्ये ओढायचा हा सगळा बेत आहे. दारातच एकानं हातात चर्चचं पत्रक दिलं तेव्हा नवऱ्यानं माझ्याकडे 'बघ' अशा नजरेनं पाहिलं.

पडद्यावर तंबू आला. बाईंनी चष्मा काढला.

"इथं एक गाव होतं," त्या म्हणाल्या. "ही झाडं त्या लोकांची. आम्ही त्यांच्या घरांच्या जागेवर दवाखाना बांधला. त्यात पुष्कळ माणसं वाचली. पण गावातले लोक आपणहून गेले की त्यांना घालवलं, हे मला माहीत नाही. मला माहीत असायला हवं होतं."

कुणीतरी खाकरलं. बाकीच्या स्लाइड्स भराभर झाल्या, आणि पाद्र्यांनी आभार त्याहून घाईनं मानले. नंतर कॉफीच्या टेबलाशी बाईंजवळ कुणी फारसं थांबलं नाही. एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी येऊन विचारून गेले, "तू तिकडचीच का, आफ्रिकेतली?"

परतताना नवऱ्यानं बाईंना आग्रहानं गाडीत पुढे बसवलं. मी मागून विचारलं, "त्या बाळंतिणीचं पुढे काय झालं?"

"मुलगी झाली. चालता यायला लागल्याबरोबर ती बाळाला घेऊन नदीपलीकडे निघून गेली. पुन्हा आमच्याकडे आली नाही, तपासायलाही नाही. तिला उपकाराची जाणीव नाही, असं मी कितीतरी वर्षं सांगत आले."

थोड्या वेळानं त्यांनी नवऱ्याला गाडी दुकानापाशी थांबवायला सांगितलं. त्यांच्या घरातलं दूध संपलं होतं.